एक पोतं, दोन खुराडी

अड्याळच्या गोदावरीबाईला एक खोड होती. सांगितलेली गोष्ट ती ऐकून घ्यायची, पण करून पाहिल्याशिवाय मानायची नाही. नवी सून म्हणून घरात आली तेव्हा सासूने बजावलं, की लोणच्याच्या बरणीला ओला हात लागता कामा नये. दुसरी कोणी असती तर मान हलवून कामाला लागली असती. हिने वाटीभर लोणचं वेगळं काढलं, त्यात ओलं बोट फिरवलं आणि ती वाटी फडताळात भांड्यांमागे लपवून ठेवली. नवव्या दिवशी वर हिरवट लव आली, तेव्हा वाटी सासूपुढे नेऊन म्हणाली, तुमी म्हणता ते खरं हाये. सासूने कपाळाला हात लावला.

त्याला आता तीस वर्षं होऊन गेली होती. गोदावरीबाईची पन्नाशी जवळ आली होती आणि घरात दोन चुली झाल्या होत्या. एक तिची आणि तिचा नवरा भय्याजी याची, दुसरी धाकटी जाऊ सीताबाई आणि तिचा नवरा श्यामराव यांची. श्यामराव भंडाऱ्याला तांदळाच्या गिरणीत कामाला होता, आठवड्यातून एकदा एसटीने घरी यायचा. अंगण एकच होतं, विहीर एकच होती. जावाजावांचं भांडण झालं तरी चहाच्या वेळेपर्यंतच टिकायचं, कारण पत्ती कधी इकडे संपलेली असायची, कधी तिकडे.

एक्याऐंशी साली गावात बायकांसाठी कोंबडीपालनाची योजना आली. दोघींनी नावं दिली. शंभर-शंभर पांढरी लेगहॉर्न पिलं भोकं पाडलेल्या खोक्यांतून आली. गोदावरीबाईने भय्याजीच्या मागे लागून विटांचं खुराडं बांधून घेतलं. खाली सिमेंटचा कोबा, वर पत्रे, दोन बाजूंना जाळी. सीताबाईकडे बांधकामाच्या मागे लागायला माणूस नव्हता. तिने बैलांचा जुना कोठा रिकामा केला, दाराला जाळी ठोकली आणि त्यातच पिलं सोडली. त्या कोठ्याच्या भिंती मातीच्या, बोडीतल्या, म्हणजे गावतळ्यातल्या, राखाडी चिकणमातीने पोतारलेल्या. पाहणीला आलेल्या साहेबांनी विटांच्या खुराड्याचं कौतुक केलं आणि मातीच्या भिंतींकडे बघून नाक मुरडलं. असल्या भिंतीत पिसवा होतात, रोग होतात, असं ते बोलून गेले. गोदावरीबाईला बरं वाटलं आणि तिने ते लपवलंही नाही.

योजनेतलं खाद्य दोन महिन्यांत संपलं. पुढचं घरीच तयार करायचं होतं. कनकी, म्हणजे तांदळाचा चुरा, आणि कोंडा घरचा, मका आणि सुकट बाजारची, आणि शेंगदाण्याची ढेप, म्हणजे तेल काढून उरलेली पेंड, भंडाऱ्याहून. ढेपेची दोन पोती दोघींत मिळून आणली. आषाढात रस्त्यात पावसाने गाठलं, बैलबंडीवरची ताडपत्री एका बाजूने सरकली आणि पोती कडेने भिजली. गोदावरीबाईने ती आपल्या खोलीत भिंतीला टेकवून ठेवली. पंधरा-वीस दिवसांनी पहिलं पोतं उघडलं तर आत ढेपेचे गठ्ठे धरलेले आणि त्यांवर हिरवी-पिवळी बुरशी. तिने गठ्ठे फोडले, झटकले, चाळणीने चाळले, दुपारभर चुलीजवळ पसरून ठेवले. वास थोडा राहिला, पण रंग गेला. मग रोज तिनेच सगळं खाद्य एका घमेल्यात कालवलं आणि एकाच पायलीने मोजून दोन वाटे केले. एक आपला, एक सीताबाईचा.

श्रावण सरता सरता तिच्या कोंबड्या मलूल झाल्या. पंख खाली पाडून उभ्या राहायच्या. तुरे फिके पडले. चालताना एखादीचा पाय मुरगळायचा आणि ती बसायची ती पुन्हा उठायचीच नाही. सकाळी जाळी उघडली की दोन मेलेल्या, कधी तीन. तीन आठवड्यांत सदतीस गेल्या. गाव म्हणालं, मानमोडी आली. पण मानमोडीची लस दोघींच्या कोंबड्यांना एकाच दिवशी टोचलेली होती. आणि अंगणाच्या पलीकडे, पंचवीस पावलांवर, सीताबाईच्या कोठ्यात शंभरांतल्या अवघ्या तीन गेल्या होत्या. बाकीच्या माती उकरत हिंडत होत्या.

सदतिसावी कोंबडी गोदावरीबाईने पुरली नाही. पिशवीत घातली आणि ढोरांच्या दवाखान्यात नेली.

तिथे केशवराव नावाचे तरुण डॉक्टर नुकतेच आले होते. गाई-बैलांच्या गर्दीत कोंबडी घेऊन आलेली बाई त्यांनी पहिल्यांदाच पाहिली. त्यांनी कोंबडी फाडली आणि कात्री बाजूला ठेवली. मग बोटाने दाखवलं. काळीज, म्हणजे यकृत, सुजलं होतं आणि लालऐवजी पिवळं पडलं होतं. बोट लावलं तर चुरत होतं. मांसात रक्ताचे डाग होते.

डॉक्टरांनी खाद्याची चौकशी केली. भिजलेल्या ढेपेची गोष्ट ऐकली तसे ते खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "बाई, हा रोग नाही. हे विष आहे."

वीस वर्षांपूर्वी इंग्लंडात टर्की नावाचे मोठे पक्षी असेच हजारोंनी मेले होते, ते त्यांनी सांगितलं. शोध घेता घेता तिथल्या लोकांना खाद्यात बुरशी आलेली शेंगदाण्याची ढेप सापडली होती. बुरशी स्वतः मारत नाही, पण ती ढेपेत एक विष सोडते. ते दिसत नाही, धुतल्याने जात नाही, चुलीच्या धगीने मरत नाही. आधी काळजाला धरतं.

गोदावरीबाईचा चेहरा उतरला. बुरशी झटकणारे हात तिचेच होते. ढेप आजपासून बंद, पोतं जाळून टाका, असं डॉक्टर सांगत होते आणि ती मान हलवत होती. पण दारापर्यंत गेली आणि परत फिरली.

"मंग सीतेच्या काहून नाई मेल्या?"

डॉक्टर म्हणाले, तिने वेगळं खाद्य दिलं असेल. गोदावरीबाई म्हणाली, एकाच घमेल्यातलं, मीच कालवलं, मीच मोजलं. मग त्यांनी म्हटलं, ढेपेत सगळीकडे सारखी बुरशी नसते, तिच्या वाट्याला चांगला भाग आला असेल. गोदावरीबाईने विचार केला. एखाद्या दिवशी आला असेल, पण महिनाभर रोज चांगला भाग सीतेकडे आणि वाईट आपल्याकडे? पायली तर डोळे मिटून भरलेली. डॉक्टर म्हणाले, हे मला सांगता येत नाही. ते असं सरळ बोलले, म्हणून ते तिला आवडले.

घरी आल्यावर तिने ढेप बंद केली, दोन्ही घरची. न उघडलेलं पोतं जाळलं. पहिलं अर्धं राहिलेलं होतं, ते तिने तोंड बांधून वेगळ्या कोपऱ्यात ठेवलं. भय्याजीने विचारलं, हे कायले ठेवलं? ती म्हणाली, अजून मले काई समजलं नाई.

मरतूक हळूहळू थांबली, पण गावातलं बोलणं थांबलं नाही. शेजारच्या शकुनबाईने विहिरीवर गोदावरीबाईला बाजूला घेतलं आणि कानाशी लागून सांगितलं, की सीताबाईने कोठ्याच्या उंबऱ्याखाली बिबा पुरून ठेवला आहे. एकीच्या कोंबड्या मराव्या आणि दुसरीच्या जगाव्या, हे उगीच होत नाही. गोदावरीबाईने ऐकून घेतलं. घागर उचलून घरी आली. खरं सांगायचं तर तिने ते सगळंच उडवून लावलं नाही. रात्री जेवताना तिची नजर दोनदा त्या कोठ्याच्या उंबऱ्याकडे गेली.

दुसऱ्या दिवशी भाकरी झाल्यावर तिने पाट उचलला आणि सीताबाईच्या कोठ्यात जाऊन बसली.

सीताबाई पाणी घेऊन आली आणि जावेला कोंबड्यांच्या मधोमध बसलेलं बघून थबकली. विहिरीवरचं बोलणं तिच्याही कानावर आलं होतं. चार दिवस ती त्याच दुखण्यात होती. बादली खाली ठेवून तिने पदर खोचला.

"बाई, तुमी कोंबड्या पायाले आल्या, का मी काय पुरलं ते पायाले?"

"तू काई पुरलं असन तर मले सांग," गोदावरीबाई म्हणाली. "मीबी पुरून पायतो."

तिने हे इतक्या सरळ तोंडाने म्हटलं, की सीताबाईने खोचलेला पदर सोडला. मोठी जाऊ टोमणा मारत नव्हती. बिबा असता तर तिने खरंच आपल्या खुराड्यात नेऊन पुरला असता आणि कोंबड्या मोजत बसली असती. सीताबाईला हसू आलं आणि हसता हसता डोळे भरले. तिने डोळे पुसले आणि म्हणाली, की काही पुरलेलं नाही. जावेने उंबरा उकरून बघायचा तर बघावा. गोदावरीबाई म्हणाली, उकरते. आणि तिने खरोखर खुरप्याने उंबरा उकरला. एक गंजलेली नाल निघाली, बैलाची. ती दोघींनी मिळून फेकून दिली.

मग गोदावरीबाई बघत बसली. पाणी एकाच विहिरीचं होतं. ऊन तिच्याच खुराड्यात जास्त यायचं. हवा तिच्याकडे चांगली खेळायची. सुकट एकाच टोपलीतली. एकेक गोष्ट ती मनातल्या मनात बाजूला ठेवत गेली, तांदळातले खडे निवडावे तशी. दुपार कलली. कोंबड्यांनी खाद्य टिपलं, पाणी प्यायल्या, आणि त्यातल्या पाच-सहा भिंतीशी गेल्या. टक-टक-टक. गोदावरीबाईला वाटलं, मुंग्या टिपत असतील. ती उठून जवळ गेली. मुंग्या नव्हत्या. कोंबड्या भिंतच टोचत होत्या. चोचीत मातीचा कण यायचा, मान वर व्हायची, आणि तो गिळला जायचा. जमिनीपासून हातभर उंचीपर्यंत सगळ्या भिंतीला खळगे पडले होते. एका जागी तर आतला कूड दिसत होता.

तिने सीताबाईला हाक मारली. सीताबाईला त्यात नवल वाटलं नाही. ती कुरकुरत म्हणाली, की या मेल्या रोज भिंत खातात. पहिल्यांदा इतकं नव्हतं, पण श्रावणापासून दर आठ दिवसांनी बोडीची माती कालवून पोतारावं लागतं. दोन घमेली माती जाते.

"दोन घमेली?" गोदावरीबाईने विचारलं. "अन ते जाते कुठी?"

सीताबाई बघतच राहिली. हा प्रश्न तिला पडला नव्हता.

गोदावरीबाई उठून आपल्या खुराड्याकडे गेली. विटा, सिमेंट, जाळी. टोचायला काही नव्हतंच. ज्या भिंतींचा तिला अभिमान होता, त्यांच्याकडे ती बराच वेळ बघत उभी राहिली.

दवाखान्यात डॉक्टरांनी तिचं सगळं ऐकून घेतलं आणि हसले नाहीत, पण मानलंही नाही. कोंबड्या खडे-माती खातातच, पेषणीत दाणे दळायला त्यांना ते लागतं, असं ते म्हणाले. मातीने विष उतरतं असं त्यांच्या कुठल्या पुस्तकात नव्हतं. तेव्हा सोबत आलेल्या सीताबाईने पदराआडची टोपली पुढे केली. त्यात एक धडधाकट कोंबडी होती. ती म्हणाली, हिला फाडून बघा. अंडी द्यायला आलेली कोंबडी होती ती. गोदावरीबाईने जावेकडे बघितलं. सीताबाईने तोंड दुसरीकडे वळवलं होतं.

डॉक्टरांनी कोंबडी फाडली. काळीज एका कडेला थोडं पिवळसर होतं, म्हणजे विष पोटात गेलं होतं. पण बाकीचं लाल आणि घट्ट होतं. आणि पेषणीत राखाडी चिखल होता.

आता डॉक्टरांच्याही डोळ्यांत काहीतरी हललं. ते कपाटाकडे गेले आणि जखमेवर लावायच्या जांभळ्या औषधाची बाटली घेऊन आले. दोन पेल्यांत पाणी घेतलं, दोन्हींत एकेक थेंब टाकला. पाणी जांभळं झालं. एका पेल्यात त्यांनी गोदावरीबाईने सोबत आणलेल्या पुडीतली चिकणमाती टाकायला सांगितली, दुसऱ्यात बाहेर बांधकामासाठी पडलेली वैनगंगेची रेती. दोन्ही ढवळले आणि टेबलावर ठेवले. तोवर एक गाय आली, एक म्हैस आली, त्यांना सुया टोचून झाल्या. डॉक्टर परत आले तेव्हा दोघी जावा टेबलाला हनुवटी लावल्यासारख्या वाकून बसल्या होत्या. रेती तळाला बसली होती आणि वरचं पाणी तसंच जांभळं होतं. दुसऱ्या पेल्यात माती तळाला बसली होती, तीच जांभळी झाली होती, आणि वर पाणी जवळजवळ नितळ होतं.

"धरून ठेवलं तिनं," सीताबाई हळूच म्हणाली.

डॉक्टर म्हणाले, की औषध धरलं म्हणून विषही धरेल असं नाही. पण धरत असेल, तर पोटातल्या पोटात धरून विष्ठेवाटे बाहेर नेईल, रक्तात जाऊ देणार नाही. नक्की सांगायचं तर पिलांवर करून बघावं लागेल. त्यांनी कागदावर चार चौकोन काढले.

कार्तिकात चार खुडूक गावरान कोंबड्यांखाली अंडी ठेवून त्यांनी बत्तीस पिलं काढली. चार डालग्यांत आठ-आठ. प्रत्येक डालग्यातल्या पिलांच्या पायाला वेगळ्या रंगाचा दोरा. पहिल्या डालग्याला त्या ठेवलेल्या पोत्यातली नुसती ढेप कनकीत कालवून. दुसऱ्याला तीच ढेप आणि शंभराला दोन भाग बोडीची माती, उन्हात वाळवून वस्त्रगाळ केलेली. तिसऱ्यात काय घालायचं यावर चर्चा झाली. गावातले वैदू गोमाजी कावीळ झालेल्या माणसाला भुईआवळी द्यायचे. काळीज पिवळं पडतं तर ही कोंबडीची कावीळच, असं सीताबाईचं म्हणणं होतं. तेव्हा तिसऱ्याला ढेपेबरोबर वाळलेल्या भुईआवळीची पूड आणि चिमूटभर हळद. चौथ्याला नवी कोरडी ढेप. दर तिसऱ्या दिवशी वाण्याकडून आणलेल्या तराजूत पिलं तोलायची आणि लिहून ठेवायचं. लिहिण्याचं काम भय्याजीकडे आलं. हे सगळं एकवीस दिवस.

पहिला आठवडा गोदावरीबाईला झोप म्हणून लागली नाही, इतकी ती हुरळली होती. उजाडलं की डालग्यांशी. चौथ्यातली पिलं टणाटण वाढत होती. दुसऱ्यातली जरा मागे होती, पण चपळ होती. तिसऱ्यातली खाद्यावर तुटून पडायची. पहिल्यातली नवव्या दिवशी पंख पाडून बसली.

दहाव्या दिवशी एक गेलं. अकराव्या दिवशी दोन. उरलेली पाच एकमेकांना टेकून उभी होती, आणि गोदावरीबाई त्यांच्यापुढे तेच खाद्य ठेवत होती. सीताबाई त्या डालग्याकडे येईनाशी झाली. तिने एकदाच सांगितलं, "बाई, कोंबडी मारून खाणं येगळं, अन हे येगळं."

गोदावरीबाईला ते कळत होतं. पण तिला हेही कळत होतं, की थांबलं तर डॉक्टरांच्या चौकोनात अर्धेच आकडे जातील. शिवाय तिला स्वतःला बघायचं होतं. तीच तर तिची खोड होती. त्या दिवशी ती दुपारी जेवली नाही. पहिल्या डालग्यातलं एक पिलू तिने हातात घेतलं. वजन नव्हतंच. ते तिच्या तळहातावर खाद्य शोधायला लागलं. तिच्या हातून खाल्लेल्या खाद्याने मरत होतं आणि तिच्याच हातावर टोचत होतं.

बाराव्या दिवशी सकाळी तिने चारही डालग्यांचं वजन केलं, भय्याजीला लिहायला लावलं, आणि पहिल्या तीन डालग्यांतलं सगळं खाद्य ओतून टाकलं. चांगली ढेप कालवली, त्यात माती मिसळली आणि सगळ्यांना तीच घातली. बांधून ठेवलेलं अर्धं पोतं अंगणात नेऊन पेटवलं.

डॉक्टर संध्याकाळी आले. त्यांनी कागद पाहिला. पहिल्यात आठांतली तीन गेलेली आणि उरलेल्यांचं वजन चौथ्याच्या निम्मं. तिसऱ्यात एक गेलेलं. दुसऱ्यात एकही नाही, पण वजन चौथ्यापेक्षा कमीच. त्यांनी रागातच कागदाची घडी घातली. आणखी नऊ दिवस धरलं असतं तर वर पाठवण्यासारखं काही झालं असतं, असं त्यांच्या तोंडून गेलंच.

"तुमाले आकडा पायजे होता," गोदावरीबाई म्हणाली, "मले उत्तर भेटलं."

थोडं थांबून तिने पुस्ती जोडली, की पुरतं नाही भेटलं. मातीने पिलं वाचली, पण चौथ्याइतकी वाढली का नाहीत? म्हणजे थोडं विष सुटून जातं का? की माती खाद्यातलं सत्त्वही धरून ठेवते? डॉक्टरांनी तिच्याकडे बघितलं आणि त्यांचा राग गेला. त्यांनी वहीचं नवं पान काढून तिचे प्रश्न उतरवून घेतले.

पहिल्या डालग्यातलं आणखी एक पिलू दोन दिवसांनी गेलं. चार जगली.

डॉक्टरांनी तेवढ्यावरच चार पानांचा अहवाल लिहून वरच्या कचेरीत पाठवला. उत्तर आलं, की पिलांची संख्या फार थोडी आहे, प्रयोग अपुरा आहे, शेतकऱ्यांना कोरडं व स्वच्छ खाद्य वापरण्याचा सल्ला द्यावा. गोदावरीबाईला ते वाचून दाखवलं तेव्हा ती म्हणाली, बरोबर लिहिलं आहे. आणि तिने केलंही तसंच. पुढच्या पावसाळ्यापासून तिच्या खोलीत पोती फळ्यांवर ठेवलेली असायची, भिंतीपासून हातभर दूर. ढेप थोडी थोडी आणायची, आणलेल्या दिवशी फोडून वास घेऊन बघायची. त्याउपर पावसाळ्याचे चार महिने खाद्यात माती. विटांच्या खुराड्यात तिने एका बाजूने हातभर उंचीची मातीची भिंत घालून घेतली. सीताबाई ती पोतारून द्यायची. दोघींनी पुढे खाद्यही एकत्रच कालवलं.

गावात बातमी पसरायला वेळ लागला नाही. उन्हाळ्यात बोडी आटली की बायका भिंतीबरोबर कोंबड्यांसाठीही माती आणू लागल्या. शकुनबाईने मात्र ऐकताना अर्धंच ऐकलं. आता माती आहे म्हणून तिने सडका मका बिनघोर घातला आणि वीस कोंबड्या घालवल्या. गोदावरीबाई तिच्याकडे गेली, कोंबडी फाडून काळीज दाखवलं आणि समजावून सांगितलं, की माती एका पेल्यातला एक थेंब धरते, बाटलीभर ओतली तर ती तरी काय करेल.

केशवरावांची बदली झाली. वर्षाकाठी एखादं पत्र यायचं, त्यात कोंबड्यांची विचारपूस असायची. अठ्ठ्याऐंशी साली आलेलं पत्र जरा जाड होतं. भय्याजीने चष्मा लावून ओट्यावर वाचायला घेतलं. डॉक्टरांनी लिहिलं होतं, की एका परदेशी मासिकात त्यांनी वाचलं, तिकडच्या लोकांनी कोंबडीच्या पिलांना बुरशीचं विष आणि त्याबरोबर एका जातीची माती देऊन पाहिली. मातीने पिलं बरीचशी वाचली. वाचताना त्यांना अड्याळची आठवण झाली. तिकडच्यांनी पिलं शेकड्यांनी घेतली होती आणि दिवस पुरे केले होते, असंही त्यांनी लिहिलं होतं, पण त्यात टोचणी नव्हती.

सीताबाई सुपातली डाळ तशीच धरून ऐकत होती. तिने विचारलं, आपलं नाव आहे का त्यात? भय्याजी म्हणाला, नाही. सीताबाई थोडी खट्टू झाली. गोदावरीबाईचं तिकडे लक्षच नव्हतं. तिने ते पत्र पुन्हा एकदा वाचायला लावलं. मग भय्याजीला नवं आंतरदेशीय पत्र आणायला सांगितलं आणि समोर बसून सांगू लागली, तो लिहू लागला.

ती माती कोणत्या रंगाची? बोडीतली की डोंगरातली? शंभराला किती भाग घातली? पिलं चांगल्या खाद्यावरच्यांइतकी वाढली का, की आपल्यासारखीच थोडी मागे राहिली? भुईआवळी कोणी घालून पाहिली का? आणि ज्या पिलांना नुसतं विष दिलं, त्यांचं शेवटी काय केलं?

एवढ्यात पान भरलं. भय्याजीने विचारलं, आता पत्ता लिहू? गोदावरीबाई म्हणाली, थांबा, कडेनं जागा हाये अजून. आणि सीताबाईकडे वळून तिला विचारलं, की तुला काय विचारायचं आहे.

सीताबाईने सूप खाली ठेवलं. जरा विचार केला. मग म्हणाली, "त्याइले विचारा, माती खा म्हणून आपल्या कोंबड्याइले कोणं सांगतलं होतं."

भय्याजीने आंतरदेशीय आडवं फिरवलं आणि कडेच्या कोऱ्या जागेत बारीक अक्षरात तेही लिहिलं.